पाणी आलंच नव्हतं

चष्मेवाल्यांच्या घरात पाणी शिरले ते न्हाणीघराच्या मोरीतून. पुढच्या दारातून शिरले असते तर त्यांनी ते निदान मान्य तरी केले असते, कारण दारापुढच्या उंच पायऱ्यांवर त्यांचा फार भरवसा होता. पण पाणी पायऱ्यांच्या वाटेला गेलेच नाही. सकाळी मोरीची जाळी आधी गुरगुरली, मग उचलली गेली, आणि चहा संपायच्या आत मागच्या खोलीत घोटाभर गढूळ पाणी झाले.

घरामागून ओढा वाहत होता. नगरपालिकेने चौकात पूररेषेचा नकाशा लावला होता आणि त्यातला निळा पट्टा बरोबर त्यांच्या छपरावरून गेला होता. चष्मेवाल्यांनी तो नकाशा नाक टेकवून पाहिला आणि निकाल दिला की, तो काढणाऱ्याचा नंबर बदललेला आहे. बायको इस्पितळात नर्स होती. वाईटात वाईट काय घडू शकते याचा विचार करायची तिला सवय होती. तिने पुराच्या विम्याचा विषय काढला. पण विमा विकायचा तो नेमका तिचा धाकटा भाऊ. चष्मेवाल्यांनी सांगून टाकले, "मेहुण्याकडून विमा घेण्यापेक्षा मी पोहायला शिकेन."

आता पोहायची वेळ आली होती आणि बायको घरात नव्हती. ती पहाटेच ड्यूटीवर गेली होती आणि तिच्यामागे पूल बंद झाला होता. घरात चष्मेवाले आणि त्यांचे वडील अण्णा, दोघेच. अण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसले आणि फोनवर सुनेशी काहीतरी बोलत राहिले. चष्मेवाले बादलीने पाणी उपसत होते. त्यांनी मोरीवर पिठाचा डबा ठेवला, डबा तरंगला. पाट्यावरवंट्याचा पाटा ठेवला, तेव्हा कुठे गुरगुर थांबली. दुपारकडे पाऊस उघडला आणि पाणी आले तसे मोरीतून निघून गेले. मागे राहिला चिखल, भिंतीवर एक सरळ तपकिरी रेघ, बंद पडलेले वॉशिंग मशीन आणि पाणी पिऊन म्हशीसारखी जड झालेली गादी.

ओढा मात्र उतरला नव्हता. खिडकीतून दिसत होते की, पाणी काठाशी तोंड लावून बसले आहे. रात्रीपर्यंत ते पुन्हा येणार, आणि या वेळी पुढच्या खोलीपर्यंत, चष्म्याच्या दुकानासाठी आणून ठेवलेल्या डोळे तपासायच्या नव्या यंत्रापर्यंत येणार, हे कळायला नकाशा लागत नव्हता.  चष्मेवाल्यांनी अभिमान गिळला आणि अंगणात जाऊन मेहुण्याला फोन लावला. तुटक्या आवाजात विचारले की, तो पुराचा विमा, आपल्या घराचा, त्याचे आज काही होईल का.

"दाजी, अजिबात काळजी करू नका," मेहुणा म्हणाला, "माणूस निघालाय. तुम्ही त्याला फक्त घर नीट दाखवा." आणि फोन तुटला.

घर नीट दाखवा. चष्मेवाले कामाला लागले. पाणी शिरलेल्या घराचा विमा कोण उतरवील, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. चिखल खरवडला, फरशी तीनतीनदा पुसली, फिनेलची अख्खी बाटली ओतली. कपाट ओढून भिंतीवरच्या रेघेपुढे आणले. रेघ कपाटापेक्षा लांब निघाली, म्हणून उरलेल्या भागापुढे टेबल लावले आणि टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारी चादर टाकली. गादी जिन्यावरून ओढत माडीवर नेताना ती मध्येच अडली आणि चष्मेवाल्यांना घेऊन पाच पायऱ्या खाली आली. दुसऱ्यांदा ती वर गेली, पण सगळा जिना ओला करून. तो पुसावा लागला.

अण्णा हे सगळे पाहत होते. ते म्हणाले, "मला विचारलं तर मी खरं सांगेन हो."

"तुम्हाला कोणी विचारणार नाही," चष्मेवाले म्हणाले, आणि खबरदारी म्हणून त्यांनी अण्णांना ओल्या गादीबरोबर माडीवर बसवले.

माणूस आला. गमबूट, रेनकोट, गळ्यात कॅमेरा. कंपनीचा सर्व्हेअर आहे म्हणाला. सकाळपासून घराघरांतून फिरून तो थकला होता. लोकांनी त्याला शेजाऱ्यांचे टीव्ही आपले म्हणून दाखवले होते. एकाने तर कोरडा सोफा त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात ढकलला होता. फिनेलच्या वासाने त्याला ठसका लागला. सावरून त्याने विचारले, "पाणी कुठवर आलं होतं?"

"पाणी? कसलं पाणी?" चष्मेवाले म्हणाले.

 सर्व्हेअर मागच्या खोलीत गेला. गादी नसलेला पलंग पाहिला, भिंत सोडून पुढे आलेले कपाट पाहिले. चष्मेवाले त्याच्या आणि मोरीच्या मध्ये उभे होते. त्यांच्या पाठीमागे पाटा हळूच खडखडला. ते मोठ्याने खोकले.

"म्हणजे नुकसान काहीच नाही?"

"काडीचंही नाही. या घरात थेंब आला नाही आणि येणार नाही. जागाच उंचावर आहे."

सर्व्हेअरने त्यांना हेच कॅमेऱ्यापुढे बोलायला सांगितले. चष्मेवाल्यांनी केस सारखे केले, कपाटाला टेकून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितले की, पाणी आलेच नव्हते. माडीवरून अण्णा खाकरले. सर्व्हेअरने कॅमेरा बंद केला आणि रेनकोटची बटणे लावत म्हणाला, "बरं झालं. मग तुमच्या मिसेसनी सकाळी टाकलेला क्लेम बंद करून टाकतो."

"कसला क्लेम?"

"पॉलिसीचा. गेल्या उन्हाळ्यात घेतलीय ना त्यांनी. आणि वेळेत घेतली. असं पाणी दाराशी आल्यावर कोण देतो विमा?"

 चष्मेवाल्यांनी सर्व्हेअरचा रेनकोट धरला. मग त्यांनी जे काही केले ते भराभर केले: टेबल ओढले, चादर फेकली, कपाट असे लोटले की त्याचे दार निखळून हातात आले, आणि भिंतीवरची रेघ दाखवून म्हणाले, "हे बघा, इथवर आलं होतं."

सर्व्हेअरच्या चेहऱ्यावर ओळखीचे भाव आले. क्लेम म्हटल्यावर प्रत्येकालाच पाणी आठवते, असे तो शांतपणे म्हणाला. रेघ तर मागच्या वर्षीची ओलसुद्धा असू शकते. चष्मेवाल्यांनी वॉशिंग मशीनचे बटण दाबून दाखवले. वीजच गेलेली होती. त्यांनी अण्णांना हाक मारली. अण्णा वरूनच म्हणाले, "मला कोणी विचारणार नाही असं तू म्हणालास."

"खरं सांगा ना यांना, अण्णा," चष्मेवाले काकुळतीला आले.

"कोणतं खरं? आधीचं की आत्ताचं?"

एवढ्यात मोरीवरचा पाटा उलटला. या वेळी पाणी गुरगुरत बसले नाही, कारंज्यासारखे उसळले. सर्व्हेअरचे गमबूट बुडाले, मग गमबुटांच्या आत पाणी गेले. दोघांनी मिळून नवे यंत्र उचलले आणि ते माडीवर पळाले. बसायला कोरडी जागा नव्हती. सर्व्हेअर ओल्या गादीवर बसला, उठला, त्याने गादी दाबून पाहिली आणि खाली जिन्याशी चढणाऱ्या पाण्याचे चित्रण करू लागला.  संध्याकाळी होडी येईपर्यंत तिघे तसेच बसून होते.

क्लेम मंजूर झाला, तोही न कुरकुरता. मेहुणा स्वतः सांगायला आला. साहेब लोकांनी दोन्ही चित्रणे पाहिली होती. नुकसान फुगवून सांगणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. पाणी घरात येऊन गेले तरी नुकसान नाही म्हणणारा पहिलाच भेटला. एवढ्या निरिच्छ माणसाची कसली चौकशी करायची, असे मोठे साहेब म्हणाले म्हणे. बायकोला अभिमानाने भरून आले. तिने ते इस्पितळात सगळ्यांना सांगितले. चष्मेवाल्यांनी एकदोनदा तोंड उघडले, पण खरे सांगावे तर लबाडी कबूल करावी लागत होती, म्हणून ते मिटले.

आता मेहुणा नव्या गिऱ्हाइकांना मुद्दाम त्यांच्या दुकानात घेऊन येतो. परवा एक गृहस्थ आले, ओढ्याकाठीच घर बांधलेले. आदराने त्यांनी विचारले की, पाणी आल्यावर माणसाने पहिल्यांदा काय करावे.

चष्मेवाल्यांनी हातातली काच पुसून उजेडाकडे धरली.

"आधी बायकोला फोन करावा," ते म्हणाले.