हिवरकरांचं पावसाचं बिल

पाऊस सुरू झाला की आमच्या वसाहतीतले सगळे आत पळतात आणि हिवरकर बाहेर येतात. अंगात पिवळा रेनकोट, हातात लोखंडी आकडा. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीशी उभे राहून ते पाणी आत जाताना बघतात. नीट गेलं की स्वतःशीच म्हणतात, "ग्रँड आहे न बाप्पा!" आयर्लंडमध्ये पाऊस किती वेळा पडतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा माणूस घरात किती वेळ असतो याचा अंदाज करावा.

मूळ गाव नागपूर, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टरची. टॅला गावाजवळच्या आमच्या बेचाळीस घरांची पावसाळी गटारं कौंटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, अजून ताब्यात घेतलेली नाहीत. ती रहिवाशांनीच साफ करून घ्यायची आणि खर्च वाटून घ्यायचा. त्याची बिलं पोचवायचं काम हिवरकरांनी आपणहून अंगावर ओढून घेतलं. वर्षाला एक बिल पुरलं असतं, हे चार काढायचे. टपालपेटीत टाकणं नामंजूर, दार वाजवून हातात द्यायचं. लॉकडाऊन लागला तेव्हा त्यांनी झाडूच्या दांड्याला बॅडमिंटनची रॅकेट बांधली आणि दोन मीटरवरून तिच्यावर पाकीट ठेवून पुढे करू लागले. पाकीट उचललं की चौकशा सुरू: गुडघा कसा आहे, कुत्रं जेवलं का, लेकीचा फोन आला का.

स्पष्टच लिहितो, मी या माणसावर जळायचो. मी इथे नऊ वर्षं, हे तीन. सतरा नंबरच्या मॉरीनबाईंचा कचऱ्याचा डबा मी नऊ वर्षं रस्त्यापर्यंत ढकलतोय. एक दिवस त्यांनी मला कौतुकाने विचारलं, "तुम्ही मुकुंदचे मित्र ना?" मुकुंद म्हणजे हेच. आमचे चिरंजीव माझ्या मराठीला आयरिश इंग्रजीत उत्तर देतात, पण हिवरकरांना बघितलं की फाटकावर लोंबकळत विचारतात, "काहून आले काका?" बायको साबुदाणा वडे करते आणि पहिला घाणा त्यांच्याकडे पाठवते. माझ्या वाट्याला शेवटचे करपलेले.

म्हणून जानेवारीतल्या ऑनलाइन सभेत मी ठराव मांडला. पलीकडच्या तीनशे घरांच्या वसाहतीचं मोठं ऑफिस आहे, बिलांचं काम त्यांना देऊन टाकू, बिलं ईमेलने येतील. अकरा स्लाइड केल्या होत्या. आठवीवर त्या रॅकेटचा फोटोही टाकला होता.

पहिला माइक हिवरकरांनीच चालू केला. "लिमयेसाहेब बरोबर बोलून राहिले. एफिशियंट आहे." ठराव मंजूर झाला. त्या दिवशी मला जेवण फार गोड लागलं.

एप्रिलमध्ये ईमेलने पहिलं बिल आलं. त्याच आठवड्यात खिडकीतून मला हिवरकर दिसले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात ती रॅकेट. स्वतःच्या फाटकापर्यंत आले, थोडा वेळ थांबले आणि परत आत गेले. मी हसत बायकोला बोलावलं. ती हसली नाही.

"बिलाच्या दिवशीच दाढी करतात ते," ती म्हणाली. "मला सांगितलं होतं त्यांनी. बायको आणि मुलगी गेल्या वर्षीच्या मार्चपासून नागपूरला अडकल्यात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये यांना कोणी बोलायला लावत नाही. तीन महिन्यांतून एकदा बेचाळीस घरं फिरायचे, तेवढंच काय ते माणसांशी बोलणं. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली, पण आता ठराव मागे घ्यायचा कोणत्या तोंडाने?

रविवारी दार वाजलं. दोन मीटरवर हिवरकर, पुढे रॅकेट, तिच्यावर पाकीट.

"लिमयेसाहेब, तुमच्या सिस्टिममध्ये बग आहे," ते म्हणाले. टेस्टरचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बुधवारी मॉरीनबाईचा फोन आला, ईमेल मिळाला नाही म्हणे. मग नऊ नंबरचा. मग रांगच लागली न बाप्पा! तीन दिवसांपासून प्रिंट काढून वाटून राहिलो. चाळीस घरांत कोणालाच मिळाला नाही. माझं एक्केचाळिसावं. तुमचं तेवढं राहिलं. तुम्हाला तर मिळालाच असेल?"

म्हणजे ईमेल मिळालाच नाही म्हणायची युक्ती अख्ख्या वसाहतीला माझ्याआधी सुचली होती. मॉरीनबाईंना तर सगळ्यांत आधी. पुन्हा एकदा मी जळलो.

खिशातल्या फोनमध्ये तो ईमेल होता, बिल भरूनही झालं होतं.

"छे हो, कुठला मिळायला," मी पाकीट उचलत म्हणालो. "आणि हिवरकर, तुमची मुलगी कितवीत आहे?"

रॅकेट खाली आली. त्यांनी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.