हॅण्डलला लटकलेले मूग

आत्माराम जॉबर लांबच्या प्रवासाला निघाला की त्याच्या मोटारसायकलच्या हॅण्डलला ओल्या फडक्यात बांधलेले मूग लटकायचे. भिवंडीत भिजवलेल्या मुगांना साताऱ्यापर्यंत मोड आलेच पाहिजेत, असा त्याचा हिशोब. मोड आखूड निघाले तर "गाडी जादा पळवली," म्हणून स्वतःवरच चिडायचा.

हा आमचा शेजारी, मूळचा दिघाशीचा. जॉबर म्हणून यंत्रमाग दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि जगही त्याला मागासारखंच दिसायचं. "मास्तर, पोट म्हंजे लूम हाय. तेल जादा झालं का कापडाला डाग!" हे तो मला कशेळीच्या पुलावर सांगायचा आणि खंबाटकी घाटात पुन्हा सांगायचा. घाटात भज्यांचा वास सुटलेला, मागच्या सीटवर मी कासावीस, आणि हा पठ्ठ्या माझ्या हातावर काकडी ठेवणार!

"बत्तीस वेळा चावून खा."

"माझे दात अठ्ठावीसच आहेत रे."

"मग त्यांना ओव्हरटाइम द्या."

एकदा जकात नाक्यावरच्या शिपायाने ते गळकं गाठोडं बघून आम्हाला अडवलं. आत्माराम ऐटीत म्हणाला, "हात मत लगाओ साब, मोड आ रहा है." शिपाई बिचारा समोरच्या सरळसोट रस्त्याकडे बघत राहिला. "किधर है मोड?"

आत्मारामची बायको आधीच वारलेली. एकुलती एक मुलगी सुनंदा. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि इचलकरंजीला संसार थाटला. तेव्हापासून तीन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. पण दर हिवाळ्यात हा मला घेऊन बेळगावला निघायचा. कशाला, तर म्हणे इंजिन मोकळं होतं! इचलकरंजीचा फाटा आला की गाडी हळू व्हायची, आणि मग एकदम सुसाट.

त्या वर्षी मात्र त्याने घाटात मला चक्क भजी घेऊन दिली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. साताऱ्याला त्याने मुगाला हातसुद्धा लावला नाही. फाट्यावर गाडी थांबली.

"मास्तर, पोरीनं दार न्हाय उघडलं तर?"

"तर बेळगाव आहेच," मी म्हणालो. दुसरं काय सुचणार?

सुनंदाने दार उघडलं. बापाकडे बघितलं आणि तशीच आत गेली. आम्ही दोघे उंबऱ्याबाहेर अवघडून उभे. जावं की थांबावं कळेना. तेवढ्यात आतून कढई ठेवल्याचा आवाज आला.

तिने पुऱ्या तळल्या आणि तेल निथळायच्या आत ताटात वाढल्या. आत्माराम मान खाली घालून खात होता.

"तेलकट झाल्यात का, बाबा?" तीन वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य.

आत्मारामने ताट पुढे केलं. "पथ्य रस्त्याला असतं, बाय. घरी न्हाय."