गुंडूअण्णांची बुजरी मोटार

गुंडूअण्णा सोमवारी मोटार बाहेर काढत नसत. आमच्याकडं सोमवारी बैल जुपत नाहीत, मग मोटार कशी जुपायची? "तिलाबी आठवड्यातनं एक दिस इसावा पायजे का न्हाय?" असं ते मलाच विचारायचे. मी पुण्याला एका साहेबाच्या मोटारखान्यात चार वर्षं काढलेला लोहार. मोटारीचा स्क्रू न् स्क्रू डोळे मिटून सांगेन. पण मोटार होती अण्णांकडं, आणि माझ्याकडं भाता, ऐरण आणि टांग्यांची मोडकी चाकं.

सरळच सांगतो, मी जळायचो. महाराजांचं राज्य होतं ते. राजवाड्यातल्या सोडल्या, तर कोल्हापुरात मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यातली एक या गुळाच्या अडत्याकडं, ज्याला इंजीन पुढं असतंय का मागं हेसुद्धा धड ठाऊक नाही! भोंगा ऐकला की माझा हातोडा वाकडा पडायचा. मला फक्त एकदा तिच्या स्टिअरिंगवर बसून रंकाळ्यापर्यंत जायचं होतं. जास्त काही मागणं नव्हतं माझं.

"अण्णा, एक फेरी मारू द्या की."

"नको गा. जनावर हाय, दुसऱ्याच्या हाताला बुजंल."

जनावर हाय, बुजंल! चोवीस तास हेच पालुपद. समोरनं टांगा आला की मोटारीच्या दारावर थोपटत "हो, हो" करायचे. बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, तसं मोटारीच्या दिव्यांना हिंगूळ फासून गोंडे बांधलेले मी स्वतः बघितलेत. एका उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या चढाला मोटार तापली, तर या शहाण्यानं पाण्याच्या जागी रेडिएटरात चरवीभर ताक ओतलं. "उष्णतेला ताकच बरं," म्हणे. आठ दिवस मी नळ्यांतनं लोणी काढत होतो, आणि माझ्या अंगाला आंबूस वास येतोय म्हणून बायको जवळ फिरकत नव्हती.

आणि ही मोटार बंद पडायची कुठं? माझ्याच दारात. आठवड्यातनं तीनदा, ऐन दुपारी, आम्ही जेवायला बसायच्या वक्ताला. मी ताटावरनं उठायचो आणि तार ओढ, प्लग पूस, असं करत बसायचो. आतनं आई हाक मारायची, "अण्णा, उनात का हुबं? या, चार घास खावा." अण्णा "न्हाय, न्हाय" करत आत जायचे. जेवून यायचे, ढेकर द्यायचे, सीटवर बसून जरा वाकल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "हं, मार आता हँडल." मी हँडल मारलं की मोटार सुरू.

"तुझ्या हातात जादू हाय गा!"

हे ऐकून तर मी आणखीच जळायचो. जादू माझ्या हातात आणि मोटार यांच्या बुडाखाली!

एका दुपारी मी कोळशाचं पोतं घेऊन कोपऱ्यावरच्या चिंचेखाली टेकलो होतो. अण्णांची मोटार आली. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, सीटखाली हात घातला, काहीतरी फिरवलं आणि पुढं गेले. मोटार माझ्या दारात जाऊन गचकली.

पेट्रोलचा कॉक! इंजिनाला जाणारं पेट्रोल हा माणूस आपल्या हातानं बंद करत होता. पुढं उरलंसुरलं पेट्रोल बरोबर माझ्या दारापर्यंत पुरायचं. रेडिएटरात ताक ओतणाऱ्या माणसानं हा हिशेब मात्र चोख जमवला होता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढे दिवस माझी चेष्टा चाललीय व्हय? पोतं तिथंच टाकलं आणि अण्णांना चांगले चार शब्द सुनवायला घरात शिरलो.

आत नेहमीचाच बाजार भरला होता. आई मिठावरनं बायकोला बोलत होती, बायको भाकरी थापता थापता उलट उत्तरं देत होती, माझे दोघे भाऊ रश्श्यातल्या शेवटच्या फोडीवरनं भांडत होते. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. ताटातली भाकरी तशीच, डोळे मिटलेले आणि तोंडभर हसू.

"काय झालं अण्णा? जेवा की," आई म्हणाली.

"जेवतो, आक्का. जरा ऐकू दे. बायको गेल्यापासनं आमच्यात घड्याळच तेवढं बोलतंय बघा. एवढं घर हाय, पर भांडायला मानूस न्हाय."

मी ज्याच्या मोटारीवर जळत होतो, तो आमच्या भांडणावर जळत होता.

मी तसाच बाहेर आलो. मोटार एकटीच उभी होती. जाऊन स्टिअरिंगवर बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. सीटखाली हात घालून कॉक उघडला. आता उतरून एक हँडल मारलं की झालं, रंकाळा काही लांब नव्हता. हात नुसते शिवशिवत होते. पण इंजीन धडधडलं असतं, ते आत ऐकू गेलं असतं, आणि मोटार नीट झाली म्हटल्यावर अण्णांना ताटावरनं उठावं लागलं असतं.

"झाली का गा नीट?" आतनं अण्णांचा आवाज आला.

मी कॉक परत घट्ट बंद केला.

"न्हाय अण्णा! आज लई बुजलीया. तुमी सावकाश जेवा."