सतरा बहिणींचा भाऊ

आमच्या समोरच्या खोलीत राहणाऱ्या त्रिंबकरावांना पुण्यात सतरा बहिणी होत्या आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती.

ते बहिणी जमवत. नदीवर, हौदावर बायकांच्या गप्पा ऐकायच्या, कुणाचं माहेर कुठलं, मावशी कुठे दिली, हे ध्यानात ठेवायचं. मग दिवाळीच्या तोंडावर दारात उभं राहून डोळे पुसायचे. "ताई, ओळखलं नाहीस? तुझ्या आईच्या मावशीच्या नणंदेचा मी थोरला!" हे नातं उलगडेपर्यंत घरातली माणसं थकत आणि पाट मांडत. भाऊबिजेला त्रिंबकराव पहाटेपासून जेवायला लागत. कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव. शेवटच्या घरी नुसता भात चिवडत. ओवाळणीत सगळीकडे एकेक सुपारी.

"एवढं सोसतं कसं?" मी एकदा विचारलं.

"माया पचते हो," ते म्हणाले आणि ओव्याची पुडी शोधू लागले.

कसब्यातल्या एका लग्नात मात्र ते फसले. नवरीच्या मागे मामा म्हणून उभे राहिले होते. मंगलाष्टकं चालू असताना खरा मामा साताऱ्याहून धापा टाकत आला.

"मामा मी आहे!" तो ओरडला.

"मग मी कोण?" त्रिंबकरावांनी विचारलं.

"तेच विचारतोय!"

वरात निघायच्या आधी त्रिंबकराव कोतवालीच्या चावडीवर होते. मी तिथेच कारकून. कोतवालसाहेब म्हणाले, "घराघरांत शिरतो, म्हणजे डोळा दागिन्यांवर. सगळ्या बहिणींच्या जबान्या घेऊन या. एकीनेही तक्रार केली, तर हा शहराबाहेर."

दोन दिवस मी दारोदार हिंडलो. कुणाकडचंही काहीच चोरीला गेलं नव्हतं. सोळाजणींनी ठासून सांगितलं, "माझा भाऊच तो." सतरावी, सदाशिवातली गंगाबाई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "भाऊ कसला? माझ्या आईला मावशीच नव्हती. पहिल्याच वर्षी कळलं."

"मग जेवायला का घालता?"

"अहो, भाऊबिजेला दारात आलेल्या माणसाला वंशावळ विचारायची? बाकीच्यांनाही ठाऊक आहे. हौदावर आम्ही त्याचे दिवसभराचे घास मोजतो. म्हणून तर शेवटच्या घरी भात मऊ करतात."

कोतवालसाहेबांनी जबान्या वाचल्या, कपाळाला हात लावला आणि त्यांना सोडलं. घरी येताना मी त्रिंबकरावांना सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते रस्त्यातच थांबले.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे नऊ वर्षं त्या मला फसवत होत्या!" ते इतके दुखावले की चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षी भाऊबिजेला ते बाहेर पडलेच नाहीत. दुपार झाली तरी दार बंद. माझ्या बायकोनं निरांजन लावलं आणि समोर जाऊन कडी वाजवली.

"त्रिंबकराव, पाट मांडलाय. मला भाऊ नाही."

"वहिनी, मी तुमचा कुणी लागत नाही," आतून आवाज आला.

"मी कुठे म्हटलं, लागता? चला, भात निवतोय."

ते आले. मान खाली घालून ओवाळून घेतलं, पानावर बसले. दोन घास खाल्ले आणि हात थांबला.

"एक होती मला. धाकटी. वाईजवळ दिली होती. दर दिवाळीला निरोप यायचा, दादा, येऊन जा. मी म्हणायचो, पुढच्या साली. एका साली निरोपच आला नाही. गेलो, तर तिच्या जावेनं दार उघडलं. म्हणाली, श्रावणातच गेली. मग विचारलं, आपण तिचे कोण?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"कुणी नाही म्हणालो. वाटसरू आहे म्हणालो. सांगायची लाज वाटली हो."

बायकोनं तुपाची वाटी उचलली. तिनं त्यांच्या भातावर तुपाची धार धरली आणि ते 'पुरे' म्हणेपर्यंत थांबली. ते बराच वेळ म्हणाले नाहीत.