मार्गदर्शक पाठीवर

आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिलं वर्षभर आपल्या मार्गदर्शकाला पाठीवर घेऊन काम करावं लागतं. अनुभव वरून खाली उतरतो, असं प्रशासनाचं म्हणणं आहे. मी आस्थापना विभागात आहे. कोणाच्या पाठीवर कोण, हे मी ठरवत नाही. फक्त चढताना स्टूल धरतो.

हर्षदा लोणकर ही नवी अभियंता आली आणि तिच्या पाठीवर कुलथेसाहेब चढले. वर्षअखेरीस त्यांनी ‘मार्गदर्शन पूर्ण’ म्हटलं तरच ती कायम होणार होती, आणि तिचं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालत होतं.

साहेबांचं मार्गदर्शन सकाळीच सुरू होई. "डावीकडे घे. कॅन्टीन." चहा झाला की, "आता जरा सावलीला उभी राहा." मग आमच्या वेळी कसं होतं, हे ते तिच्या उजव्या कानात सांगत बसत. डाव्या कानाने हर्षदा पंपाचा आवाज ऐकायची. काम ती शिकली ते त्या डाव्या कानाने. साहेबांचा डोळा लागला की त्यांना न उठवता टाकीची शिडीही चढायची. मला त्या माणसाची अक्षरशः किळस यायची.

एक दिवस वरच्या आळीत पाणी चढेना. बायका हंडे घेऊन कचेरीत आल्या. हर्षदाने मान वर करून विचारलं, "सर, आधी कुठला व्हॉल्व्ह बंद करू?"

कामाचं असं तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. साहेब म्हणाले, "थांब हं, आलोच," आणि उतरून चालायला लागले. ते काही परत आले नाहीत. व्हॉल्व्ह हर्षदानेच शोधला आणि संध्याकाळी वरच्या आळीत पाणी आलं.

कायम करण्याच्या बैठकीला समितीचे तिघं वरिष्ठ बसले होते.

"तुमचे मार्गदर्शक कुठायत?"

"उतरले, सर. मी त्यांना कामाचं विचारलं."

"ते कशाला विचारायचं?" अध्यक्ष खरोखरच दुखावले होते. "जरा वळा बघू. पाठ तर ताठ आहे! म्हणजे मार्गदर्शन झालेलंच नाही."

"पण वरच्या आळीला पाणी हिनेच दिलं," मी म्हणालो.

"तो आजचा विषय नाही."

ठरलं असं, की तिला आणखी एक वर्ष द्यायचं आणि या खेपेला समितीच्या तिघांनी मिळून मार्गदर्शन करायचं. हर्षदा त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि गुडघ्यात वाकली.

"आधी कोण बसतंय, सर?"

आधी बसणारा सगळ्यांत खाली राहणार, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. ज्येष्ठतेचा तो वाद आता मुख्याधिकाऱ्यांकडे आहे आणि निकाल लागेपर्यंत कोणीही चढू नये, असा आदेश निघाला आहे. हर्षदा अजून कायम झालेली नाही. गावाला पाणी मात्र सध्या वेळेवर येतं.