न आठवायला काय झालं?

घरी पाहुणा आला की माझे सासरे, म्हणजे आबा, माझी ओळख करून द्यायचे ती अशी : "ही आमची थोरली सून. दौंडची. हिनं पयली भाकरी केली व्हती ना, पार कोळसा! कुत्र्यानं बी हुंगून सोडली."

पाहुणा हसायचा. मी चहाचा कप जरा जोरातच ठेवायची. दोन पोरांची आई झाले, जत्रेला अख्ख्या भावकीला पुरणपोळ्या घालायला लागले, तरी आबांच्या लेखी मी आपली कोळशाच्या भाकरीवालीच.

पण मी एकटी नव्हते. राहू गावाच्या अलीकडं आमचं गाव, आणि त्या गावातल्या प्रत्येक माणसाला आबांनी त्याच्या जुन्या भानगडीवरूनच ध्यानात ठेवलेलं. सरपंच म्हणजे 'शाळंची घंटा इकून भेळ खाल्ल्याला'. तुकाराम आप्पा म्हणजे 'वरातीत घोड्यावरनं पडल्याला'. सरपंच बिचारे बांधाचं भांडण मिटवायला उभे राहिले की मागून आबांचा आवाज यायचा, "घंटा वाजली का रं?" संपलं! भांडणारे दोघंही हसत घरी.

"आबा, अजून आठवतंय तुम्हाला?" असं कुणी म्हटलं की आबा मुंडाशावर टिचकी मारायचे. "न आठवायला काय झालं?"

त्यांची उमर मेंढरांमागं गेलेली. घोड नदीच्या काठानं इनामगावापर्यंत आणि पार त्याच्याही पुढं कळप घेऊन जायचे. शेतीत स्थिरावलो ते आम्ही नंतर. कळपातलं एकूण एक मेंढरू ते तोंडावरून ओळखायचे, नावानं हाक मारायचे. मी एकदा तोंडात बोट घातलं, तर म्हणाले, "त्यात काय? माणसं वळखाया तर आजूनच सोपी. कापडं घालत्यात."

आणि या सगळ्यात वरचढ आठवण होती ती सुभेदाराची. सुभेदार म्हणजे आबांचा मेंढा. काळा, रुबाबदार, डाव्या शिंगाला चीर. शेती आली, कळप विकला, पण सुभेदार काही विकला नाही. तो अंगणात बसायचा आणि आबा त्याच्याशी राजकारण बोलायचे.

तो सुभेदार एकदा चोरीला गेला. आबांनी नाव घेऊन रानभर हाका मारल्या, घसा बसला. मग तडक आठवडी बाजार गाठला आणि व्यापाऱ्याच्या भरल्या कळपातून त्याला बाहेर ओढलं. "डाव्या शिंगाची चीर बघ, मग बोल!" व्यापाऱ्यानं विकणाऱ्याचं नाव सांगितलं. आमच्याच आळीतला सुताराचा संतोष. चौदा वर्षांचं पोरगं. केस झाली, आणि संतोष काही महिने पुण्याच्या रिमांड होममध्ये राहून आला.

आला तो बदलूनच आला. खाली मान घालून शिकला. पहाटे कालव्याच्या कडेनं पळायचा. पण आबा ओट्यावरून ओरडायचे, "पळ, पळ! सुभेदारवाल्या, आज कुनाचा मेंढा?" गाव खो खो हसायचं. संतोष हसायचा नाही, थांबायचाही नाही.

दहा वर्षांनी तो पोलीस भरतीत निवडला गेला. आमच्या गावचा पहिलाच! आणि सगळ्यांच्या आधी धास्ती घेतली ती मीच. आता गावात येऊन चारित्र्याची चौकशी होणार होती.

दौंडला माझ्या माहेराशेजारी शेख वकील राहतात. त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "ताई, अल्पवयीन असतानाचं प्रकरण आहे. कायदाच सांगतो, मुदत सरली की असले कागद नष्ट करायचे, आणि त्यावरून पोराच्या नोकरीत आडवं यायचं नाही. कागदांचं मी बघतो." मग चष्मा काढून म्हणाले, "पण चौकशीवाला गावाचं म्हणणं लिहून वर पाठवतो. तुमच्या सासऱ्यांच्या डोक्यातला कागद मी कसा नष्ट करू?"

घरी येऊन मी आबांना सगळं समजावलं. "कायद्यानं पुसलंय आबा ते. आपण कशाला उगाळायचं?"

आबा भडकले. "कायदा कागद जाळंल. माज्या डोस्क्याला काडी लावनार हाय व्हय? मी कवा खोटं बोललोय का?"

संध्याकाळी संतोष स्वतःच आला. बस म्हटलं तरी बसला नाही. "आबा, उद्या चौकशीला येणार हायेत. गाव तुमालाच इचारायला लावंल. तुमी खरं त्ये सांगा. माजा राग न्हाई." एवढं बोलून गेला. आबा त्या रात्री अर्धी भाकरी खाऊनच उठले.

दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं हवालदार खुर्ची टाकून बसले. सारं गाव गोळा. अपेक्षेप्रमाणं सगळ्यांनी आबांकडं बोट दाखवलं. "आबांना इचारा. त्यांना समदं आठवतं."

"काय आबा, संतोष कसा माणूस आहे? लहानपणी काही चोरीमारी, भानगड?"

आबांचा हात मुंडाशाकडं गेला. मी डोळेच मिटले.

"आठवत न्हाई, सायेब."

गाव गार पडलं. तुकाराम आप्पांना राहवेना. "अवो आबा, आसं काय करता? त्यो सुभेदार—"

"कोण सुभेदार?" हवालदारांनी विचारलं.

"मिल्ट्रीतला आसंल कुनी," आबा म्हणाले. "मला ठावं न्हाई."

सुभेदार म्हातारा होऊन गेला तेव्हा याच माणसानं दोन दिवस अन्नाला शिवलं नव्हतं!

हवालदार हसले. "अहो, पण तुम्हाला तर सगळं आठवतं म्हणे! बरं, या तुमच्या सूनबाई कुठल्या?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. "ही व्हय? बारामतीची... का फलटनची गं तू?"

"दौंडची," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता. लोकांना वाटलं, वाईट वाटलं बिचारीला. वाईट कसलं, अभिमानानं ऊर फुटायची वेळ आली होती माझी. हवालदारांनी "वय झालं आबांचं" म्हणत मान हलवली, आणि बाकी कुणाची काही तक्रार नाही म्हणून लिहून घेतलं. आबाच विसरले म्हटल्यावर आठवायची हिंमत कुणाची?

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "आबा, हे काय केलंत?"

आबा कालव्याच्या कडेला थांबले. मग म्हणाले, "मेंढरू हरवलं की नाव घिऊन हाका मारायच्या. सापडलं की हाका बंद. ही आमची रीत. आन् मी मातुर सापडल्याल्या पोराला धा वर्सं हाका मारत ऱ्हायलो."

पुढं संतोष वर्दीत पेढे घेऊन आला, आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी डोळे बारीक केले. "कोन रं तू?"

"संतोष, आबा."

"हां हां, पोलीसवाला संतोष!"

अख्ख्या गावात चांगल्या कामावरून ओळख मिळालेला तो पहिला माणूस.

पण सोंग एकदा घेतलं ते आबांना निभवावंच लागलं. संतोषचं तेवढं विसरले आणि घंटा आठवते, असं कसं चालेल? आता सरपंच निर्धास्त भाषण ठोकतात. जुनं काही विचारायला ओट्यावर कुणी येत नाही. पोरं म्हणतात, आबा गेले कामातून. मला राग येतो, पण तोंड उघडता येत नाही. पाहुणे आले तर माझी ओळख नुसती 'आमची सून' अशी होते. खरं सांगते, त्या कोळशाच्या भाकरीची फार आठवण येते.

म्हणून संध्याकाळी मी निवडायची डाळ घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसते. परवा सहज म्हणाले, "आबा, सुभेदाराच्या उजव्या शिंगाला चीर होती ना हो?"

आबांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. कुणी नव्हतं.

"डाव्या," ते हळूच म्हणाले, आणि पुन्हा काहीच न आठवणाऱ्या माणसासारखे रस्त्याकडं बघत बसले.