घरातले दुसरे अहो

कुत्र्याला अहो-जाहो करायचं नाही, असं मी शनिवारी सकाळी ठरवलं. तसा निर्णय अगदी साधा होता. घरात कुणाला विचारायचीही गरज नव्हती, कारण घरात कुणी नव्हतंच. (माझे सगळे ठाम निर्णय मी असेच घेतो.)

कुत्रं सासूबाईंचं. आता त्याला कुत्रं म्हणायचं ते केवळ डॉक्टरांनी त्याला कुत्र्यांचं इंजेक्शन दिलंय म्हणून. एरवी ते माझ्या उजव्या चपलेत मावतं आणि डावी त्याला चावायला मोकळी राहते. त्याच्या जातीचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते उच्चारून होईपर्यंत कुत्रं पलंगाखाली गेलेलं असतं. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, बायको त्यांच्यासोबत दवाखान्यात होती, आणि हा ऐवज माझ्या ताब्यात होता.

"सांभाळाल ना?" बायकोनं निघताना विचारलं होतं.

"ऑफिसात अख्खं रेकॉर्ड सेक्शन सांभाळतो मी."

"तिथल्या फायली पळत नाहीत. आणि हे बघा, पट्टी सुटेपर्यंत आईनं अजिबात रडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. रविवारी दुपारी मी तिला आपल्याकडेच घेऊन येणार आहे. तेव्हा हा दारात दिसला पाहिजे. एवढं एकच काम आहे तुम्हाला."

आता अहो-जाहोचं सांगतो. सासूबाई त्या कुत्र्याशी आदरानं बोलतात. "अहो, उठा की", "अहो, दूध घेताय ना?", "अहो, असं गुरगुरू नये पाहुण्यांवर." बायको मलाही अहोच म्हणते. त्यामुळे सासूबाई राहायला आल्या की घरात गोंधळ. "अहो, जरा इकडे या," असं ऐकू आलं की आम्ही दोघंही निघतो. तो आधी पोचतो. गेल्या खेपेला "अहो, सोफ्यावर करायचं नाही हं, किती वेळा सांगितलं," हे ऐकून मी हातातला पेपर टाकून उभा राहिलो होतो.

तेव्हा सासूबाई नाहीत तोवर याला वळण लावावं, असा माझा विचार. आधी मी त्याला एक नाव दिलं, पावशेर. मग खुर्चीत बसून म्हणालो, "पावशेर, ये इकडे."

तो बसल्या जागेवरून हलला नाही.

"अरे, दूध पी."

त्यानं वाटीकडे पाठ केली. दुपार झाली तरी दुधाला तोंड लावलं नाही. मीही हट्टाला पेटलो. दोन बिस्किटांएवढं कुत्रं, आणि त्यानं मला नमवावं?

इतक्यात दाराची बेल वाजली. लाँड्रीवाला इस्त्रीचे कपडे घेऊन आला होता. कपडे घेऊन मी त्याचे हँगर आणायला आत वळलो, आणि पावशेर माझ्या पायांमधून जिन्यावर.

"अरे, थांब."

तो दोन पायऱ्या उतरला.

"ए, थांब म्हणतो ना."

जिन्याच्या वळणावर त्यानं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मी "अहो, थांबा ना" म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण समोर लाँड्रीवाला उभा होता. परक्या माणसासमोर एवढ्याशा कुत्र्याला अहो म्हणायची मला लाज वाटली. मी हँगर देऊन, चप्पल शोधून खाली उतरेपर्यंत कुत्रं गायब.

गाड्यांखाली पाहिलं. फुलवाल्याच्या बादल्यांमागे पाहिलं. औषधाच्या दुकानातल्या वजनकाट्याखालीसुद्धा पाहिलं. (एरवी मी त्या काट्याकडे बघतही नाही.) डोळ्यांसमोर फक्त रविवारची दुपार होती. सासूबाई दारात उभ्या, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यानं जमिनीकडे बघतायत. त्या रडल्या तर डोळा गेला, आणि डोळा गेला तर तो माझ्यामुळे गेला. शेवटी मी बायकोला फोन लावला.

ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्याला हाक काय मारलीत?"

"अरे."

"मग कसा येईल तो?" ती खोलीबाहेर आली असावी, कारण तिचा आवाज जरा मोठा झाला. "बाबा गेल्यावर आईचं फार वाईट झालं होतं हो. जन्मभराची सवय. चहा झाला की 'अहो' म्हणायची, आणि मग आपलं आपल्यालाच कळून गप्प व्हायची. मग हा आला. एकदा अशीच तिच्या तोंडून हाक गेली आणि हा धावत तिच्या पायाशी येऊन बसला. त्या दिवसापासून तिच्या हाकेला कुणीतरी ओ देतंय. त्याला दुसरं नाव ठेवायचं आमच्या कुणाच्या मनातच आलं नाही."

मी त्या जिवाला वळण लावायला निघालो होतो, आणि तो बिचारा सासूबाईंचं अख्खं घर सांभाळत होता.

मग मी लाज सोडली. भर रस्त्यात उभं राहून हाक मारली, "अहो, या ना. चुकलं माझं. चला घरी."

केशकर्तनालयातून अर्ध्या गालाला फेस लावलेले एक गृहस्थ बाहेर आले. "मला म्हणालात?"

"नाही हो. आमचे अहो."

"तुमचे अहो?" गृहस्थ एक पाऊल मागे सरकले.

बाकावर बसलेल्या आजोबांनी मला जवळ बोलावलं. "कोण गेलंय घरातून?"

"सासूबाईंचे... म्हणजे सासूबाई ज्यांना अहो म्हणतात ते."

"सासरे? भांडलात काय?"

"भांडलो नाही. नुसतं अरे म्हणालो."

"मग जाणारच की. मोठ्या माणसाला अरे म्हणतात का? वय काय त्यांचं?"

"तीन."

आजोबांनी कानातलं यंत्र काढून पुसलं आणि पुन्हा बसवलं. "दिसायला कसे आहेत?"

"केसाळ. तपकिरी. कान उभे आहेत आणि अनोळखी माणूस दिसला की चावतात."

आजोबा उठले आणि काठी घेऊन दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मी हाका मारतच होतो. "अहो, रागावलात का? दूध गरम करून देतो. मांडीवर घेतो." दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. कुणाच्या हातात टॉवेल, कुणाच्या हातात चहाचा कप, असे गल्लीतले अर्धे नवरे ओ देत बाल्कनीत आले. यायला हवे होते ते अहो मात्र आले नाहीत. समोरच्या बाईंनी आपल्या यजमानांना कोपरानं ढोसलं. "बघा, शिका जरा. बायको रुसली तर तिला अहो म्हणून शोधतायत ते." त्या यजमानांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यामुळे अजूनही मी त्या फुटपाथवरून जात नाही.

शेवटी बायकोनंच फोनवरून सुचवलं. "तुमच्या आवाजावर तो यायचा नाही. स्पीकर लावा आणि फोन उंच धरा."

मी फोन उंच धरला. तिनं हाक मारली, "अहो, कुठे आहात? या ना लवकर. मी कधीची वाट बघतेय."

इतका गोड आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "आलोच," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा हो," फोन म्हणाला. सगळ्या बाल्कन्यांनी ते ऐकलं.

तेवढ्यात लाँड्रीतून धपकन काहीतरी पडल्याचा आवाज आला, आमचे अहो धावत बाहेर आले आणि पाठोपाठ लाँड्रीवाला. त्यानं कपड्यांची टोपली जिन्याखाली ठेवून वर फेरी मारली होती, आणि अहो त्या टोपलीत बसून थेट दुकानात पोचले होते. तिथे इस्त्रीच्या गरम चादरींवर त्यांची झोप झाली होती.

"हे मघाचं तुमचं कुत्रं होय?" लाँड्रीवाला म्हणाला. "मला वाटलं लोकरी टोपी आलीय धुवायला. नंबर टाकणार होतो."

मी रस्त्यावर गुडघे टेकले. "अहो, चला," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एकदा शिंकले आणि माझ्या हातावर चढले. घरी आल्यावर दूध घेता ना, असं विचारल्याबरोबर वाटी चाटूनपुसून साफ केली.

रविवारी सासूबाई आल्या. काळा चष्मा, खाली पट्टी, एक हात लेकीच्या खांद्यावर. दारातूनच त्यांनी विचारलं, "अहो, आहात ना?" आणि ते हवेत उडी मारून त्यांच्या पदरात. सासूबाई खुदकन हसल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. रडलो ते मी, स्वयंपाकघरात जाऊन. (मला डॉक्टरांची मनाई नव्हती.)

आता डोळा पूर्ण बरा होईपर्यंत दोघांचा मुक्काम आमच्याकडे आहे. एका घरात दोन अहो चालणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना पटलं. एकाला नाव बदलावं लागणार होतं. "त्यांची सवय या वयात कशाला मोडायची?" सासूबाई म्हणाल्या. बायको म्हणाली, "ह्यांना नवी लागेल हो लवकर."

तेव्हापासून मला बोलावायचं झालं की बायको चुटकी वाजवते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी जागचा हललो नाही. माणसाला काही मान असतो की नाही? दुसऱ्यांदा वाजली तेव्हा तिच्या हातात बिस्कीट होतं. आता बिस्कीट नसलं तरी मी जातो.